सुट्टीच्या खुणेवरचा डाग

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, आणि खरं सांगतो, तुम्हाला तोंड दाखवायची मला लाज वाटते. माझ्यावर एक गाणं लिहिलेलं आहे. तिसा नदीकाठच्या आमच्या गावातली मंडळी ते वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्याने एकत्र गात. लव्हाळ्यांवर संध्याकाळ उतरते, बेडूक ओरडतात, वारा खेळतो. मग वारा एकदम पडतो. तिथे चार मात्रा सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि मग एकच पक्षी.

आमच्या भाषेत गाण्यातल्या विरामाला आणि शाळेच्या सुट्टीला एकच शब्द आहे. मला आपल्या वळणदार अक्षरात उतरवणारे गुरुजी अंब्रुश बाची, म्हणजे अंब्रुशकाका, तालमीत हात वर करून म्हणत, "इथं सगळ्यांना सुट्टी! माशीसुद्धा हलता कामा नये." बायका हसत. मी तेव्हा फार मिरवत असे.

तो पक्षी टपाल कचेरीतली एतेल्का गायची. गळा गोड, पण स्वभाव भित्रा. तालमीच्या दोन महिन्यांत तिचं एकदाही चुकलं नाही.

गायनस्पर्धेच्या दिवशी आगगाडीत अंब्रुश बाची मला मांडीवर ठेवून आलुबुखाराचा मुरंबा भरलेला पाव खात होते. एक थेंब पडला, नेमका सुट्टीच्या खुणेवर. त्यांनी तो अंगठ्याने पुसला, म्हणजे फासलाच. खूण झाकली गेली, आणि तसंच त्यांनी मला एतेल्काच्या हाती दिलं.

मंचावर गर्दी बघून ती पाठ केलेलं सोडून माझ्यातच बघू लागली. स्वतःवर भरवसा उरला नाही, म्हणून तिने तो माझ्यावर ठेवला. वारा पडला, सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत एतेल्काचा पक्षी चार मात्रा आधीच, एकटाच ओरडला. सभागृह खो खो हसलं.

"डोळे कुठं होते तुझे?" बाहेर येताच अंब्रुश बाची कडाडले.

"अहो, सगळ्यांना सुट्टी, ही बाई एकटीच कामावर!" शेजारी गाणारी तेर्का म्हणाली.

ते गावभर झालं. टपालाच्या खिडकीशी माणसं विचारत, "काय एतेल्का, आज सुट्टी की काम?" तिने गाणं सोडलं. मला सगळं ठाऊक होतं हो! पण कागदाला वाचा कुठली?

चौदा वर्षांनी कपाट आवरताना अंब्रुश बाचींनी मला उजेडात धरलं आणि डाग नखाने खरवडला. मुरंब्याचा पापुद्रा निघाला, खाली खूण दिसली. कपाट तसंच उघडं टाकून ते मला घेऊन तिच्या दारी गेले.

"पोरी, मुरंबा माझा होता गं. तुझं काही चुकलं नव्हतं."

एतेल्का माझ्याकडे बघतच राहिली. "आणि मी समजत होते, मीच आंधळी," ती म्हणाली. "फार लांबली ही सुट्टी, बाची."

"आता ये ना परत."

तिने गाऊन पाहिलं. पहिलाच सूर अर्ध्यावर चिरकला. ती कसंनुसं हसली. "राहू दे. बसा, पाव खाऊन जा. कागद मात्र लांब ठेवा."

म्हणून सांगतो, मित्रांनो, वहीपुस्तकांवर खाऊ नका. आणि चारचौघांत कुणी चुकलं, तर हसण्याआधी त्याच्या हातातला कागद एकदा बघा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.