डावी रिकीब

मित्रांनो, मी एक जुनी रिकीब आहे आणि माझ्यामुळे एक माणूस गेलेला आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की लपवलं. घोड्याच्या जिनाला दोन्ही अंगांना जे लोखंडी कडं लटकतं, ज्यात स्वार पाय रोवतो, ती रिकीब. मी डाव्या अंगाची. चढताना पहिला पाय माझ्यातच पडतो, त्यामुळे पूर्वी मला भारी तोरा होता.

निजाम सरकारच्या राज्यात चकलांब्याच्या सटवा लोहारानं मला घडवलं. लोखंड मात्र नवं नव्हतं. एक मोडकी रिकीब ठोकून मला केलं, आणि ती मोडकी तिच्याहूनही जुन्या लोखंडाची होती. ते सगळे जन्म माझ्या आत आहेत.

मी आले राधाकिशन आणि धोंडीराम या दोन भावांच्या घरी. दसऱ्याला शिलंगणाच्या वेळी गावाची शीव ओलांडणारा पहिला घोडा याच घरचा. एकदा वेशीच्या दगडावर आपटून माझी एक बाजू आत वाकली. धोंडीराम म्हणाला, "दसरा होऊ दे, मंग ठोकून घेऊ." त्याच दसऱ्याला बंदुकीच्या बारानं घोडं बुजलं. धोंडीराम पडला, पण पाय माझ्यातून निघेना. घोड्यानं त्याला आपट्याच्या झाडापर्यंत फरफटत नेलं. मला सोडता येत नव्हतं हो!

लोकांनी घोड्याला अवलक्षणी ठरवून विकून टाकलं. माझ्याकडं कुणी बघितलंच नाही. उलट भावाची निशाणी म्हणून राधाकिशन दर दसऱ्याला मला हळदकुंकू वाहू लागला. सात वर्षं मी वाकडीच्या वाकडी, फुलं मिरवीत होते.

सातव्या साली बैलगाडीवरून पडून राधाकिशनची मांडी मोडली. घोडा निघाला नसता तर शीव ओलांडायचा मान कायमचा दुसऱ्या घरी गेला असता. त्याची तेरा वर्षांची लेक शिवकन्या मोठी हट्टी. ती म्हणाली, "आप्पा, आपल्या चंद्री घोडीवर म्या बसते."

आई गीताबाई कळवळून म्हणाली, "मान गेला तर जाऊ द्या. पोरगी जायला नको."

पण कोण ऐकतंय! नवरात्रात शिवकन्या माळावर सवारी शिकू लागली. तिचा कोवळा पाय माझ्यात आला आणि माझा जीव खालीवर झाला. मला जीभ नाही. सांगणार कसं? मग मला जमतं तेवढंच मी केलं. तिला माझ्या आतल्या काळात घेऊन गेले.

डोळ्यांची उघडझाप होते न होते तोच ती गोदाकाठी उभी! समोर जुन्या काळातला एक शिलेदार, भाला खांद्याला टेकवून, जिनावर बसूनच कणीस खात होता. "तीन दिस झाले, भुईला पाय न्हाई," त्यानं ऐट मारली. "रिकिबीत असा रुतलोय, का घोडं आन् मी एकच." तेवढ्यात गवतातून तित्तर उडाला. घोडं उसळलं, शिलेदार खाली आणि पाय वर. त्याचं ओरडणं लांब लांब गेलं आणि थांबलं. शिवकन्या किंचाळत माळावर परत आली. जरा वेळानं म्हणते कशी, "काय घोडं व्हतं ते!" कपाळ माझं! हिनंही घोडंच बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला आणखी मागं नेलं. तिथं ना जीन, ना माझ्यासारखी रिकीब. घोंगडीवर बसलेला एक म्हातारा धनगर, आणि दोरीच्या टोकाला फक्त पायाचा अंगठा मावेल एवढं लोखंडी कडं. त्याचंही घोडं बुजलं, तोही पडला. पण अंगठा सुटला आणि म्हातारा हसत धूळ झटकत उठला.

"कावून हसता, बाबा?"

"घोडं गेलं त्याच्या वाटंनं, मी ऱ्हायलो माझ्या वाटंला. सगळा पाय घातला असता, तर मी बी त्याच्याच वाटंनं गेलो असतो, पोरी."

तिसऱ्या खेपेला, खंडेनवमीला, मी तिला फार लांब नेलं नाही. सातच वर्षं मागं नेलं. तिनं आपल्या चुलत्याला पाहिलं. त्याचा पाय पाहिला, आणि मला पाहिलं.

ती माळावर परत आली. खाली उतरून तिनं माझ्यात मूठ घातली. आत गेली, पण बाहेर काढताना वाकल्या बाजूला अडकली. मला काढून घेऊन ती सटव्याकडं पळाली. तिथं घणावर झेंडूची फुलं, ऐरणीवर कुंकू. सटव्यानं हात जोडले. "पूजेला बसलेलं हत्यार आज उचलत न्हाईत. दसरा होऊ दे."

घरी आप्पा कडाडले. "चुलत्याची निशाणी हाय ती, तिच्यावर घण घालतीस? मानाच्या घोड्याला दुसरी रिकीब लागायची न्हाई. दसरा होऊ दे, मंग बघू."

तेच शब्द! ते ऐकून मी गारच पडले.

दसऱ्याच्या दुपारी मला नेहमीसारखं कुंकू लागलं. सगळं गाव वेशीत उभं होतं. शिवकन्या चढली. मी तिच्या पावलाची वाट पाहत होते, आणि ते येऊ नये असंही वाटत होतं. नेहमी टाचेपर्यंत रुतणारा पाय त्या दिवशी आला नाही. माझ्यात आला फक्त अंगठा.

शिवेपाशी बार उडाला. चंद्री उधळली, पोर कोसळली. माझ्या वाकड्या बाजूनं तिचा अंगठाही पकडला, इतकी मी दुष्ट झाले होते! पण नख सोलून अंगठा निसटला. चंद्री मला घेऊन आपट्याच्या झाडापर्यंत रिकामीच धावली. मागून शिवकन्या रक्ताळलेल्या पायानं लंगडत आली आणि चालत शीव ओलांडली.

काठी टेकत राधाकिशन पोचला. माझ्या कोपऱ्यात अडकलेलं नख त्याला दिसलं. "धोंड्याला घोड्यानं न्हाई मारलं," तो मोठ्यानं रडू लागला. "सात वरसं फुलं वाहिली म्या, आन् एक घाव घातला न्हाई!"

सटव्यानं त्याच संध्याकाळी घणावरची फुलं बाजूला केली. घाव लागत होते, पण मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

शिवकन्या पुढं लग्न होऊन आष्टीला गेली. मी खुंटीवर आहे. मला गंज चढलाय, आणि एकदा जीन खुंटीवरून पडलं तेव्हा माझी तीच बाजू पुन्हा थोडी आत गेली. दसरा चार दिवसांवर आलाय. काल कुणीतरी मला खाली काढून पुसलं आणि म्हणालं, "फुलं लई लागतील औंदा."

मित्रांनो, मला फुलं नकोत. प्रत्येकाला मागं नेण्याइतकं बळ आता माझ्यात उरलेलं नाही. कुंकू लावायच्या आधी माझ्यात मूठ घालून बघा. ती सहज बाहेर आली, तरच पाय घाला.