‘तपासले’ म्हणणाऱ्या शिक्क्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ शिसवी लाकडाची आहे. म्हणजे आंब्याच्या लाकडाची आहे आणि वरून काळे पॉलिश आहे. माझ्या अंगावर जन्मापासून एकच शब्द आहे: ‘तपासले’. या एका शब्दावर मी तेहतीस वर्षे मानाने जगलो. त्यांतली बत्तीस वर्षे तो शब्द खोटा होता, हे आधीच सांगून टाकतो. आत्मवृत्तात अशी वाक्ये सहसा शेवटच्या प्रकरणात दडवलेली असतात, आणि तिथपर्यंत फारसे कोणी पोहोचत नाही, हे लेखकाला पक्के ठाऊक असते.

एका शिक्केवाल्याच्या टपरीत माझा जन्म झाला. त्याने एकाच दुपारी तीन शिक्के कोरले: ‘पोहोचले’, ‘मंजूर’ आणि मी. ‘मंजूर’ पुढे एका मोठ्या कचेरीत गेला आणि आमची ओळख विसरला. मला एका प्रकाशनगृहाच्या मालकांनी नेले. माझी डबी त्यांच्या हाती देताना शिक्केवाला म्हणाला, “जपून वापरा, मालक. शब्द जड आहे.”

“अहो, चिमूटभर तर रबर आहे!” मालक हसले.

त्या वेळी मला मालकांचेच म्हणणे पटले. लहान वयात आपल्याला हलके म्हणणाराच शहाणा वाटतो.

प्रकाशनगृह म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तेथून केवळ आत्मचरित्रे प्रसिद्ध होत. कादंबरीला कल्पनाशक्ती लागते, इतिहासाला पुरावा लागतो, आत्मचरित्राला दोन्ही लागत नाहीत, असे मालकांचे अनुभवसिद्ध मत होते.

तेथील कामाची पद्धत मी तुम्हाला नीट समजावून सांगतो, कारण सगळी मेख तिच्यातच आहे. प्रत्येक प्रकरणाला एक पिवळी चिठ्ठी टाचलेली असे. चिठ्ठीवर चार चौकटी: लेखक, संपादक, मुद्रितशोधक, मालक. प्रत्येकाने प्रकरण पाहून आपल्या चौकटीत मला उमटवायचे. लेखक मला निःशंकपणे उमटवीत, कारण पुढे विद्वान संपादक बसले होते. काही चुकलेच तर ते धरतील. संपादक उमटवीत, कारण ज्याचे आयुष्य त्यालाच ते ठाऊक. आपण भाषा पाहावी. मुद्रितशोधक बाई शुद्धलेखन पाहून उमटवीत, कारण त्यांच्याआधी दोन थोर माणसांनी मजकूर पाहिलेला असे. आणि मालक चौथ्या चौकटीत मला उमटवीत, कारण तीन भरल्या होत्या आणि चौथी रिकामी वाईट दिसली असती. असा चौघांचा एकमेकांवर संपूर्ण विश्वास होता. जगात विश्वासाइतके सुंदर काही नाही. फुकटात मिळाला तर त्याच्याइतके सोयीचेही काही नाही.

ते माझे वैभवाचे दिवस होते. सकाळी चहा येई, शाईची गादी उघडे, आणि मालक मला ठप्प ठप्प ठप्प असे चालवीत. खालच्या सायकलवाल्याची हातोडी आणि मी कधी कधी एकाच ठेक्यात चालत असू. पाहुणे थक्क होऊन म्हणत, “काय शिस्त आहे! प्रत्येक पान तपासता?” मालक विनयाने मान झुकवीत. मान झुकवणे म्हणजे होकार नव्हे, हे पाहुण्यांच्या ध्यानात येत नसे.

एका पहिलवानाने आपल्या पुस्तकात अशा प्रतिस्पर्ध्याला चीत केले, की जो त्या कुस्तीच्या दोन वर्षे आधीच वारला होता. मी म्हणालो, तपासले. एका नटाचे जन्मवर्ष दर आवृत्तीला पुढे सरके. तिसऱ्या आवृत्तीत त्याचा धाकटा भाऊ त्याच्याहून थोरला झाला. मी म्हणालो, तपासले. सत्तर आत्मचरित्रांत मला एकही कंजूष, एकही भित्रा, एकही चहाडखोर लेखक भेटला नाही. ते सगळे लेखकाच्या शेजारी राहत. शेजाऱ्यांना मात्र आत्मचरित्र लिहायला फुरसत नव्हती. ते बिचारे कोठे तरी काम करीत होते.

तेहतिसाव्या वर्षी अग्निशमन दलाचे निवृत्त प्रमुख आपले हस्तलिखित घेऊन आले. भरघोस मिशा, हातात काठी, आणि सबंध शहराचा लोभ. त्यांचे नववे प्रकरण बिस्किटांच्या कारखान्याला चाळीस वर्षांपूर्वी लागलेल्या आगीचे होते. प्रमुखसाहेबांनी दुसऱ्या मजल्यावरच्या सात कामगार बायकांना एकेक करून जिन्याने खाली धाडले. मग जिना कोसळला. साहेबांनी खिडकीतून पाहिले, तर ज्याच्या भरवशावर ते वर गेले होते तो शिडीवाला, नावआडनावासकट, पाठ फिरवून पळत सुटलेला. ‘ती पळती पाठ मी जन्मभर विसरलो नाही,’ असे साहेबांनी लिहिले होते. त्यापुढचे वाक्य असे: ‘आणि मी मृत्यूच्या दारातून परतलो.’

हे प्रकरण शाळांच्या वाचनमालेने धैर्याचा धडा म्हणून निवडले होते. पाने शुक्रवारी छापायला जायची होती. म्हणजे, मित्रांनो, तो धडा तुम्हीच वाचला असता, आणि ‘शिडीवाल्याच्या स्वभावाचे वर्णन करा’ या प्रश्नाखाली ‘भेकड’ असे लिहून पाच गुण मिळवले असते.

मंगळवारी ते प्रकरण मुद्रितशोधक बाईंच्या टेबलावर आले. बाई एकोणीस वर्षे तेथे होत्या. अंबाड्यात पेन्सिल, दोरीला चष्मा. त्यांनी एक अनुस्वार दिला, मला हातात घेतले, चिठ्ठीवर धरले आणि तसेच अधांतरी धरून ठेवले. मग त्या उठून संपादकांकडे गेल्या.

“सर, हे खाली कसे आले?”

“कोण?”

“प्रमुखसाहेब. जिना पडलाय, शिडीवाला पळालाय. पुढच्या ओळीत साहेब दवाखान्यात.”

“बाई, ती शैली आहे.”

“दुसऱ्या मजल्यावरून शैलीनं उतरता येतं?”

संपादकांनी पुस्तकातून डोके वर काढले. “हे बघा, आयुष्य त्यांचं. ते जगलेत, त्यांना माहीत. मी तपासणारा कोण?”

“मग तुमच्या चौकटीत शिक्का कशाचा मारलाय?”

“भाषा ओघवती आहे, याचा.”

आतल्या खोलीतून मालकांचा आवाज आला, “काय खल चाललाय? शुक्रवारी पानं जायचीत. मारा शिक्का आणि व्हा मोकळ्या!”

“मालक, तो शिडीवाला जिवंत आहे. मागच्याच गल्लीत राहतो. त्याची नात शाळेत जाते. तिच्या वर्गात हे मोठ्यानं वाचतील.”

“मग त्यानंही लिहावं की आत्मचरित्र! आपण छापू.”

बाईंनी मला टोपण लावले, पिशवीत डब्याशेजारी ठेवले आणि पिशवीची चेन ओढली. “हा माझ्याकडे राहील,” त्या म्हणाल्या. बत्तीस वर्षांत मी प्रथमच कचेरीबाहेर पडलो.

शिडीवाला तळमजल्यावरच्या एका खोलीत राहत होता. जन्मभर चढलो, आता एक पायरीसुद्धा नको, असे त्याचे म्हणणे. तो खुर्चीला वेत विणत बसला होता. त्याची बायको कपड्यांना इस्त्री करीत होती. बाईंनी प्रकरण वाचून दाखवले. इस्त्री थांबली.

“ऐकलंत? पळपुटे आहात तुम्ही,” बायको म्हणाली.

“पळालो हे खरंच आहे,” शिडीवाला म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला.

“आमची शिडी पहिल्या मजल्यापर्यंतच पोचायची, ताई. पलीकडच्या बोळात एका घराला रंग देत होते. रंगाऱ्याची लांब शिडी मी सकाळी तिथं बघितली होती. ती आणायला पळालो. आता पळणाऱ्याची पाठच दिसणार. तोंड कसं दिसेल?”

“मग हे साहेबांना सांगितलं का नाहीत?”

“ते बेशुद्ध. महिनाभर दवाखान्यात. तोवर माझी दुसऱ्या ठाण्यावर बदली झाली. आणि मीच तुम्हाला वाचवलं, असं सांगत जायचं? बरं दिसतं का ते?”

“हो ना! मला मात्र चाळीस वर्षं जेवताना सांगतात,” बायको म्हणाली. “आधी साहेबांना पाठीवर घेऊन दोन्ही हातांनी शिडी धरली होती. मग एका हातानं. आता म्हणे दुसऱ्या हातात पाण्याची बादली होती!”

“बादली होती.”

“बादली गेल्या वर्षी आली, ताई. मी साक्षीला आहे.”

बाईंनी वहीत लिहून घेतले, आणि बादलीपुढे प्रश्नचिन्ह काढले. पिशवीत पडल्या पडल्या मी प्रथमच विचार केला. खोटे बोलणारे लेखक मी पुष्कळ पाहिले होते आणि त्यांच्याविषयी माझे मत तुम्हाला कळलेच आहे. पण येथे दोन प्रामाणिक माणसे होती, आणि त्यांच्या दोन हकिगती एका पुस्तकात मावत नव्हत्या. प्रामाणिक माणसाला तपासावे लागते, हे माझ्या रबरात कोणी कोरले नव्हते.

गुरुवारी बाईंनी दोघांनाही कचेरीत बोलावले. साहेब आले ते कडाडतच. “चाळीस वर्षांनी मला खोटं पाडता?”

“खोटं नाही, साहेब. फक्त विचारते.”

“मी डोळ्यांनी पाहिलंय!”

“काय पाहिलंत?”

“हा पळत होता. याची पाठ!”

“आणि मग?”

“मग धूर.”

“आणि धुरानंतर?”

साहेबांनी काठी आपटण्यासाठी उचलली आणि ती उचललेलीच राहिली. “दवाखान्याचं छत,” ते म्हणाले.

त्या क्षणी खालच्या सायकलवाल्याची हातोडीसुद्धा थांबली, असे लिहिण्याचा मला मोह होतो आहे. ती थांबली नव्हती.

शिडीवाला कोपऱ्यात उभा होता. आपण कशी शिडी आणली, तेवढेच त्याने दोन वाक्यांत सांगितले. साहेबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मग शिडीवाला ओशाळून म्हणाला, “आणि साहेब, गणवेशाची माफी असावी. शिडीला ओला पांढरा रंग होता. घाईत बघितलंच नाही मी.”

साहेब खाली बसले. संपादकांनी, बहुधा आयुष्यात प्रथमच, घाईघाईने पाने उलटली. दहाव्या प्रकरणात लिहिले होते: ‘त्या गणवेशावर आजही पांढरे डाग आहेत, ती त्या आगीची राख आहे, आणि ती धुऊन जात नाही.’ हे पान शिडीवाल्याला कोणीही वाचून दाखवले नव्हते.

“बायको म्हणायची, ही राख नव्हे, रंग आहे,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “रॉकेलनं घासू द्या, म्हणायची. मी तिला हात लावू दिला नाही.” ते शिडीवाल्याकडे वळले. “मला खाली तू आणलंस?”

“पाठीवर घेऊन. तेव्हा तुम्ही चांगलेच भरलेले होता, साहेब.”

आधी साहेबांची मिशी हलली, मग पोट हलले, आणि मग ते इतके हसले की मालक आतून पाणी घेऊन आले.

“आणि बादली?” बाईंनी विचारले.

शिडीवाल्याने डोके खाजवले. “दोन्ही हातांनी तर शिडी धरली होती. मग बादली... नसावी.”

साहेबांनी संपादकांचे टेबल ताब्यात घेतले आणि संध्याकाळपर्यंत नववे प्रकरण नव्याने लिहिले. त्यात हे वाक्य आले: ‘मी त्याची पाठ पाहिली, तो कोठे धावत होता, हे मी चाळीस वर्षे विचारले नाही.’ मालकांना थोडी चिंता वाटली. “साहेब, यात शौर्य जरा कमी नाही का झालं?”

“एकाचं होतं, दोघांचं झालं,” साहेब म्हणाले. “गणित कच्चं आहे तुमचं.”

शुक्रवारी पाने वेळेवर गेली. शिडीवाल्याची नात ज्या दिवशी तो धडा वर्गात वाचणार होती, त्या दिवशी शाळेच्या खिडकीबाहेर दोन म्हातारे उभे होते, असे बाईंनी मला सांगितले. मी तेथे नव्हतो.

पिवळ्या चिठ्ठीवर आता प्रत्येक चौकटीखाली एक ओळ आहे: काय तपासले, कोणाला विचारले. आणि एक पाचवी चौकट आहे, ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यासाठी. तो हयात नसेल, तर तेथे हजर असलेल्या दुसऱ्या कोणासाठी. पहिलवानांनी आपल्या दुसऱ्या खंडाचे हस्तलिखित तातडीने परत नेले. मालकांना आता उमटवण्यापूर्वी वाचावे लागते. परवा ते एक प्रकरण मिटून म्हणाले, “अरे, हे लोक बरं लिहितात की!” पूर्वी मी महिन्याला चाळीसदा उमटे, आता जेमतेम पाचदा. माझी शाई सुकते, कडा तडकल्या आहेत, आणि बहुतेक वेळ मी खणात टाचण्यांच्या सहवासात काढतो. पण ज्या पाच वेळा उमटतो, त्या पाचही वेळा शिक्केवाल्याने सांगितलेले वजन मला जाणवते, आणि ते मला आवडते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल आणि आपली गोष्ट सांगाल. ती रंगवून सांगाल. तेवढी सूट माणसाला असावी. पण तुमच्या गोष्टीत जो कोणी पळालेला असेल, त्याला एकदा गाठा आणि तो कोठे निघाला होता ते विचारा. ‘दुसरे कोणी तपासेल’ असे म्हणू नका. तो दुसरा कोणी माझ्या ओळखीचा आहे, तो नुसता शिक्का मारतो.

हे माझे आत्मवृत्त मीच सांगितले आहे, आणि ते खरे आहे असा माझा प्रामाणिक समज आहे. त्याचे मोल किती, हे तुम्ही आता जाणता. पानाच्या तळाशी पाचवी चौकट कोरी ठेवली आहे, कारण मला स्वतःहून उमटता येत नाही. मूठ धरायला दुसऱ्याचाच हात लागतो. सायकलवाला खालीच असतो. बाई साडेपाचपर्यंत भेटतात. आधी त्यांना विचारा, आणि मग मला उचला.