सहावा मणी

मित्रांनो, मी एक जुनी आज्ञावली आहे. तुम्ही मला प्रोग्राम म्हणता. गणित विभागाच्या कोपऱ्यातल्या पिवळट संगणकात माझं बिऱ्हाड. मला हात नाहीत की पाय, तरी हल्ली फार थकवा वाटतो.

मला इथे गणित शिकवणाऱ्या बाईंनी लिहिलं, पायाने लेकाचा पाळणा हलवत. माझं काम अदलाबदलीचं. समजा, माळेत सहा मणी आहेत. एक जातो चारच्या जागी, चार दोनच्या, दोन परत एकच्या. हे एक चक्र. तीन आणि पाच आपसांत जागा बदलतात, ते दुसरं. सहावा जागचा हलतच नाही. जो हलत नाही त्याला लिहायचं नाही, अशी या लिखाणाची रीत. बाईंनी मला मात्र आधी विचारायला शिकवलं होतं, एकूण मणी किती? म्हणून माझं उत्तर चुकत नसे. माझ्यापुढे रांग लागायची.

मग नवं सॉफ्टवेअर आलं, चटपटीत. बाई निवृत्त झाल्या. माझ्या डोक्यावर लोक चहाचे कप ठेवू लागले.

परवा एका संशोधक मुलीचं उत्तर जुळेना. दोन रंगांत याच माळेचे मणी किती तऱ्हांनी रंगवले, तर अदलाबदलीनंतरही माळ तशीच दिसेल? म्हणजे एका चक्रातले मणी एकाच रंगाचे हवेत. मी म्हटलं आठ, नव्या सॉफ्टवेअरने सांगितलं चार. तिचा अख्खा प्रबंध माझ्या आकड्यांवर उभा, आणि तो दुसऱ्या दिवशी द्यायचा. विभागप्रमुख म्हणाले, म्हातारीला चळ लागलाय, पुसून टाका. मुलीने रडवेल्या आवाजात बाईंना फोन केला.

बाई आल्या, त्याच लेकाचा हात धरून. नव्याच्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"याने मणी किती धरले?"

"पाच. लिहिलेला सगळ्यात मोठा आकडा पाच आहे ना."

"आणि सहावा?"

"तो तर लिहिलेलाच नाही, बाई."

"जागचा हलत नाही त्याला लिहीत नाहीत, बाळ. पण मोजतात."

नव्याला सहा सांगितले, तेव्हा सहाव्याच्या दोन रंगांनी चाराची दुप्पट झाली आणि त्यानेही आठच म्हटलं. मुलीने प्रबंध छापायला घेतला. प्रमुख म्हणाले, "राहू दे मग म्हातारीला."

तेव्हा मी राहिले आहे. काम कुणी सांगत नाही. कप अजून येतात. तक्रार नाही, तेवढा जोरही उरला नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी एका जागी बसून असेल. बोलण्यात त्याचं नाव येत नसेल. ताटं मांडताना त्याला मोजा.