पाठमोरा मॅनेजर

ज्योतीराम पायरीवर उभा राहिला, तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा केला आणि पोटातून ओरडला,

"ओ मॅनेजर, पोरांना चादरी आणा! डाव्या बाजूचं घोरायला लागलंय!"

पायऱ्यांवर हशा पिकला. खाली मैदानाच्या पांढऱ्या रेषेजवळ उभ्या दत्तोबाने मान वळवली नाही. हात पाठीमागे बांधलेले, उजवा अंगठा डाव्या तळव्यावर सावकाश फिरतोय, डोक्यावर पांढरी टोपी आणि घामाने पाठीला चिकटलेला सदरा. सहा वर्षांत ज्योतीरामने या माणसाची पाठच तेवढी पाहिली होती. सामन्याआधी पोरं त्याला वेढून उभी असत आणि सामना संपला की तो पलीकडच्या फाटकाने निघून जाई. तोंड नीट बघायची वेळच आली नव्हती. आणि नावं ठेवायला समोरच्याचं तोंड दिसावंच लागतं असं थोडंच आहे.

"तीन-शून्य," अकबर शेंगा सोलत म्हणाला. त्याचं चिंचवडला गाड्यांच्या पार्टचं दुकान होतं. "ज्योतीभाऊ, आमच्याकडं गॅरंटी संपलेला माल कंपनी परत घेत नाही. ह्यांना कोण घेईल?"

"मावळातला माल आहे, चाचा. खराब होत नाही, नुसता जुना होतो," सुजित म्हणाला. तो हिंजवडीला कंपनीची कॅब चालवायचा. आठवडाभर ट्रॅफिकमध्ये गिळलेलं सगळं रविवारी इथे येऊन ओकायचा.

"काका, अजून एक टाका. तुमच्याशिवाय मजा नाही," सुजितच पुढे म्हणाला.

आणि ज्योतीरामने अजून एक टाकली.

पवनाकाठ क्लब फुटबॉल लीगमध्ये तळाला होता. ओळीने सहा सामने हरला होता. पोरं चाकणच्या कंपन्यांतली, कंत्राटावरची. शनिवारची तिसरी पाळी रविवारी सकाळी सातला सुटायची आणि नऊला निगडीच्या मैदानावर शिट्टी वाजायची. डाव्या बाजूचा प्रज्वल तर कंपनीच्या बुटातच यायचा आणि पायरीखाली बसून खेळायचे बूट चढवायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण हरणाऱ्या टीमच्या प्रेक्षकांना चिडण्यासाठी एक माणूस लागतो आणि दत्तोबा नेमका समोर उभा असे, तोही पाठ करून.

सामना चार-शून्यवर संपला. अकबरने टरफलं कागदात गुंडाळली, सुजितने गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवली. ज्योतीरामने चिवड्याचा स्टीलचा डबा पिशवीत घातला.

"चला, पुढच्या रविवारी."

"ग्रुपवर बोलूच की," सुजित म्हणाला. ग्रुपचं नाव 'दत्तोबा हटाव' होतं. ते ज्योतीरामनेच ठेवलं होतं.

ज्योतीरामचा आवाज मूळचा असा नव्हता. एकतीस वर्षं भोसरीला पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये काढली. दोनशे टनी प्रेस शेजारी धडधडत असताना माणसाला "पाणी दे" एवढं सांगायचं तरी छातीतून ओरडावं लागतं. कंपनीने व्हीआरएस दिली, प्रेस मागे राहिली, आवाज मात्र घरी आला. दीपमाला म्हणायची, "अहो, इथं मशीन नाहीये. हळू बोला." आता तेही म्हणायला ती घरात नव्हती. सुनेचं बाळंतपण करायला म्हणून तीन महिन्यांसाठी बंगळूरला गेली, त्याला आता दीड वर्ष होत आलं. सूनबाईची नोकरी, बाळाला पाळणाघर सोसेना, एकेक कारण निघत गेलं. एकही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. भांडायला कुणी दोषी नव्हतं.

संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा.

"जेवलात का?"

"हो. मॅच हरलो आज. मी त्या दत्तोबाला असा—"

"हळू. बाळ झोपलंय."

मग तो हळू बोलायला जाई. ते काही जमत नसे, म्हणून तो गप्पच होई. ती दुधाचं, लाइट बिलाचं विचारून फोन ठेवी. आठवडाभर त्याचा आवाज ऐकणारे दोघंच, दूधवाला आणि गच्चीवरची कबुतरं. रविवार होता म्हणून बरं. रविवारी पन्नास-साठ माणसं त्याच्या तोंडाकडे बघत.

दिवाळीनंतर तो तापाने आडवा झाला होता. दहा दिवस अंग भट्टीसारखं होतं. उशाशी बिस्किटाचा पुडा, पाण्याची कळशी आणि फोन. त्या दहा दिवसांत दोन रविवार गेले. ग्रुपवर दोनशे बारा मेसेज पडले, गोलकीपरवर, पंचावर, दत्तोबाच्या टोपीवर. ज्योतीराम का नाही आला, असं विचारणारा त्यात एकही नव्हता. सुजितवर राग धरावा असंही काही नव्हतं. पोरगं रोज चौदा तास गाडी चालवतं. दीपमालाला त्याने सांगितलंच नाही. ती आली असती, किंवा आली नसती. दोन्हींतलं काय जास्त सोसवलं नसतं, ते त्याला ठरवता आलं नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात बातमी आली. क्लबने दत्तोबाला काढलं. ग्रुपवर फटाके फुटले, तिळगुळाचे फोटो आले. सुजितने लिहिलं, 'काका, तुमच्या नरड्याचा विजय.' ज्योतीरामने तो मेसेज तीनदा वाचला.

नवा मॅनेजर समर्थ तिशीतला होता. गळ्यात शिट्टी, हातात टॅब, कोचिंगची पदवी वगैरे. पहिला सामना बरोबरीत सुटला, दुसराही. समर्थ ओरडला की पोरं पळत. कुणी चुकलंच तर तो स्वतः पायऱ्यांकडे वळून हात वर करी, जणू म्हणे, माझी चूक. अशा माणसाला काय म्हणणार? ज्योतीराम दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा पँट झटकून खाली बसला.

तिसऱ्या रविवारी सुजितला ड्युटी लागली. चौथ्या रविवारी अकबर म्हणाला, "आता टीम लागली मार्गाला, भाऊ. बायको म्हणते, रविवारचं दुकान उघडा." ग्रुपवर कुणीतरी वाकडच्या फ्लॅटची जाहिरात टाकली, नंतर तीही कुणी टाकेना. ज्योतीराम ग्रुप उघडून बघायचा. वर अजूनही 'दत्तोबा हटाव' होतं. नाव बदलायचं त्याच्याच हातात होतं, पण काय ठेवावं ते सुचेना.

पुढच्या रविवारी तो मैदानावर पोचला तर त्यांच्या नेहमीच्या पायरीवर कुणीतरी म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, डोळ्यांखाली सुरकुत्या, मिशी पिकलेली, चेहरा शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुणाचाही असावा तसा. ज्योतीरामने चार हात सोडून पेपर पसरला आणि डबा बाजूला ठेवला.

शिट्टी झाली. म्हातारा उठून उभा राहिला. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि उजवा अंगठा डाव्या तळव्यावर सावकाश फिरू लागला.

ही पाठ ज्योतीराम सहा वर्षं बघत आला होता. दत्तोबा.

उठून जावं तर रिकाम्या पायऱ्यांवरून जाणारा एकटाच दिसणार. बसावं तर बसायचं कसं? मग त्याच्या लक्षात आलं की या माणसाने कधी वळून बघितलेलंच नाही. आपला चेहरा तो ओळखायचा प्रश्नच नव्हता. एकच करायचं होतं, तोंड उघडायचं नाही.

"हितनं लई बेस दिसतंय की," दत्तोबा खाली बसत म्हणाला. "सा वर्सं खालनं बघितलं. खालनं नुसते पाय दिसत्यात."

ज्योतीरामने मान हलवली.

"तुमी येता का दर वेळी?"

त्याने हात तिरका केला. कधी कधी.

"घसा बसलाय व्हय? ज्येष्ठमध धरा तोंडात." दत्तोबाने खिशातून शेंगा काढल्या, मूठभर त्याच्या पेपरवर ठेवल्या. "सून म्हणती, आता घरी बसून टीव्ही बघा. टीव्हीत काय, बघणाऱ्याला कुणी बघत न्हाई."

एवढं बोलून तो हसला. गेल्या आठ दिवसांत समोर बसून ज्योतीरामशी कुणी एवढं बोललं नव्हतं, आणि नेमकी आज त्याच्या तोंडाला पट्टी होती. प्रेसचं, दीपमालाचं, बंगळूरच्या उन्हाळा न वाटणाऱ्या हवेचं, कितीतरी जिभेवर येऊन माघारी गेलं. त्याने शेंगा फोडल्या आणि डब्याचं झाकण काढून डबा थोडा पुढे सरकवला. दत्तोबाने चिमूटभर चिवडा घेतला.

"हितं एक माणूस वरडायचा," थोड्या वेळाने तो म्हणाला. "मशीनवरचा आवाज. मी बी फोर्ज शॉपला हुतो, मला कळतं. ऐकू येत न्हाई आज."

ज्योतीरामने खांदे उडवले आणि मैदानाकडे बघत राहिला.

हाफटाइमनंतर खेळ रंगला. एक-एक. प्रज्वल पहिल्यांदाच चेंडू घेऊन डाव्या रेषेने सुसाट निघाला, दोघांना चकवलं, आणि शेवटच्या क्षणी पाय घसरून आपटला. चेंडू बाहेर गेला. समर्थने टॅबवर काहीतरी पाहिलं, बदली खेळाडूला खूण केली. प्रज्वल मान खाली घालून बाहेर यायला लागला.

कधी उभा राहिला, ज्योतीरामला कळलंच नाही. हातांचा कर्णा आपोआप झाला.

"अरे त्याला कशाला काढतो! आत्ता कुठं जागा झालाय तो!"

आवाज मैदान ओलांडून पलीकडच्या भिंतीवर आपटला आणि परत आला. प्रज्वलने वर पाहिलं. समर्थनेही पाहिलं. ज्योतीरामचे हात तोंडापाशीच राहिले. मग त्याने ते खाली घेतले, पँटला पुसले आणि पेपरवर बसला. शेजारी बघण्याची हिंमत झाली नाही.

दत्तोबा मैदानाकडेच बघत होता. शेंगेचं टरफल त्याने दोन बोटांत धरून मोडलं.

"दिवाळीच्या पाठीमागं दोन रविवार आला न्हवता तुमी," तो म्हणाला.

ज्योतीरामने पेपरचा कोपरा दुमडला.

"बाकीचे वरडत हुते. पर त्यात दम न्हवता. पहिल्या रविवारी वाटलं, गावाला गेलं आसंल मानूस. दुसऱ्या रविवारी मात्र हाफटाइमला मागं वळून बघितलं मी. आता तोंड ठाऊक न्हाई, तर काय दिसणार?" त्याने टरफल खाली टाकलं. "पोरांना बी म्हनलं, ते काका न्हाईत आज. प्रज्वल म्हनला, बरं झालं, आता आमाला झोपू द्या."

खाली शिट्टी झाली, खेळ पुन्हा सुरू झाला. पायरीखाली प्रज्वल कंपनीचे बूट पुढ्यात ठेवून नाड्या सोडत बसला होता.

"मी लई बोललो तुम्हाला," ज्योतीराम म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, मोठा. खाली प्रज्वलने मान वर केली.

"बोलला की. त्यात खोटं काय हुतं? घोरतच हुती पोरं." दत्तोबाने टोपी काढून डोकं पुसलं, पुन्हा घातली. "ते ऱ्हाऊ द्या. आजारी हुता का?"

ज्योतीरामने डब्याचं झाकण उचललं, उलटं करून पाहिलं, परत ठेवलं.

"ताप होता."

"किती?"

हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरकडे तो गेला नव्हता. घरातला जुना पाऱ्याचा थर्मामीटर त्याने खिडकीपाशी नेऊन, उजेडात फिरवून फिरवून एकट्यानेच वाचला होता, आणि झटकून पुन्हा डबीत ठेवला होता. समोर समर्थ काहीतरी ओरडत होता, पोरं धावत होती, इथे मशीन नव्हतं.

"एकशे तीन," ज्योतीराम म्हणाला. इतक्या हळू, की दत्तोबाला पेपरवरच्या शेंगा बाजूला सारून थोडं जवळ सरकावं लागलं.