वन्संच्या घरची ओल

घर नणंदेचं. धाकट्या भावाला भाड्यानं दिलेलं, आणि वर 'घरचंच घर आहे, परक्यासारखं काय वागता' हे ऐकवायला मोकळी. परक्या मालकाशी माणूस चार शब्द भांडू तरी शकतो. वन्संशी भांडायचं म्हणजे नवऱ्याचं तोंड पुढचे आठ दिवस एरंडेल प्यायल्यासारखं. म्हणून भावजयीनं बराच काळ दातावर दात ठेवून काढला.

मुलांच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला लागून कपाट होतं. त्यामागे आधी काळे ठिपके आले, ठिपक्यांचे डाग झाले, आणि डाग वर चढत खिडकीपर्यंत पोचले. गाद्या खालून गार, ओलसर. चादरींना कुबट वास. लेकीच्या शाळेच्या बुटांवर हिरवट लव. ती स्वतः बेकरीत कामाला होती. दिवसभर भट्टीपाशी उभी राहायची आणि घरी आल्यावर नाकाला फडकं बांधून भिंत घासायची. पुन्हा पाऊस झाला की बुरशी हजर.

वन्संचं पालुपद ठरलेलं. "खिडक्या उघड्या ठेव गं. कपडे घरात वाळवतेस, झाकण न ठेवता शिजवतेस. मग भिंतीला ओल येणार नाही तर काय!"

"वन्सं, गच्चीवरून येणारा पाइप फुटलाय. पाणी भिंतीत मुरतंय."

"पाइप चांगला आहे. तुझ्या सवयी बघ आधी."

तिनं तेही करून पाहिलं. थंडीत खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. माणसं कुडकुडली, बुरशी तेवढी पोसली.

मग धाकटीला खोकला लागला. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात ओल आहे का?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फरशीकडे बघत बसला.

"आता तरी बोला तुमच्या ताईशी," ती बाहेर येताच म्हणाली.

"बोलतो ना. जरा वेळ बघून."

"बघा वेळ. तोवर मी पोरीच्या छातीतली घरघर ऐकत बसते."

तो बोलला, आणि सुट्टीच्या दिवशी वन्सं रंगारी आणि रंगाचा डबा घेऊन दारात! रंगाऱ्यानं खरवडायला भिंतीला पत्रा लावला मात्र, गिलाव्याचा हातभर पोपडा धप्पदिशी खाली आला. आत विटा ओल्याचिंब.

"तू मार रे वरून दोन हात," वन्सं म्हणाल्या. "पांढरं झालं की संपलं."

"ब्रश लावायचा नाही!"

रंगाऱ्याचा हात हवेतच राहिला. आपल्यात एवढा आवाज आहे हे तिलाही माहीत नव्हतं.

"बेकरीत पावावर एवढासा ठिपका दिसला तर आम्ही अख्खा ट्रे फेकतो, वन्सं. आणि माझी पोरं या भिंतीला डोकं लावून झोपतात. पाइप फुटलाय म्हणून मी घसा कोरडा केला, आणि तुम्ही मला पातेल्यावर झाकण ठेवायला शिकवताय?"

"आवाज खाली! भावाचं बिऱ्हाड उघड्यावर पडू नये म्हणून घर दिलं, त्याचे हे पांग फेडतेस?"

तिनं नवऱ्याकडे वळून पाहिलं. "ताई, पाइप एकदा बघून घेऊ या का..." तो म्हणाला. त्या आवाजाला मांजरसुद्धा घाबरलं नसतं.

तिनं मुलांचे कपडे पिशवीत कोंबले, अंथरुणाची वळकटी केली.

"हे काय? कुठे निघालीस?"

"तुमच्याकडे. घरचंच घर ना? तुमच्या हॉलची भिंत कोरडी आहे."

आणि गेली खरंच! वळकटी डोक्यावर, एक पोर कडेवर, एक मागे. शेजारपाजाऱ्यांनी डोळे भरून पाहिलं, त्यामुळे वन्संना दार लावून घेता येईना. नवरा संध्याकाळी चोरासारखा मागच्या दारानं आला. कोरीव खुर्च्यांवर मोजे वाळू लागले. धाकटी खोकायला लागली की वन्सं टीव्ही मोठा करायच्या. एकदा जेवताना पोर खोकून खोकून निळी पडली, तेव्हा त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकडे गवंडी धाडला. त्यानं फुटका पाइप काढला, नवा बसवला, भिंत विटांपर्यंत उकरून वाळायला सोडली.

भिंत वाळल्यावर मंडळी परतली. पोरीचा खोकला हळूहळू उतरला. वन्संनी मात्र अबोला धरला.

"काम झालं ना? आता सोड की राग," नवरा म्हणाला.

"काम एका गवंड्याचं होतं. त्यासाठी मला बिऱ्हाड डोक्यावर घेऊन गल्लीत तमाशा करावा लागला. तुमच्या ताईंचा राग जाईल एक वेळ. तुम्ही वळकटीचं दुसरं टोक धरायला पुढे आला नाहीत, त्याचा माझा राग कसा जाणार?"

ती बेकरीतल्या गिऱ्हाइकांकडे दुसऱ्या घराची चौकशी करू लागली, आणि एक मिळालंही. लहान होतं, पण मालक परका.

"ताईला मी सांगतो," नवरा म्हणाला. एकटाच गेला. परत आला तेव्हा कानाच्या पाळ्या लाल.

"काय म्हणाल्या?"

"बायकोचा गुलाम म्हणाली."

"मग?"

"मग काय. तिनं ओतलेला चहा तसाच ठेवून आलो."

तिनं त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.