स्लोवर बंद पडणारी जीप

आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूरच्या बाजाररस्त्याला लागून चंपतरावांचं पत्र्याचं गॅरेज होतं. १९९२ सालच्या थंडीत, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येईनासं झालं होतं, आणि गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला, रेणुकाबाईंना. घर गॅरेजच्या मागंच. गिऱ्हाईक बोलायला लागलं की रेणुकाबाई चुलीपुढून उठून यायच्या, नवऱ्यासमोर उभ्या राहायच्या आणि तेच सावकाश पुन्हा विचारायच्या, जणू स्वतःलाच नीट समजलं नव्हतं. लोकांना वाटायचं, बाई फार चौकस. दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन त्या गेल्या. मग चंपतरावांनी बोलणंच कमी केलं. दुःखानं माणूस अबोल झाला, असं लोकांनी धरून घेतलं. चंपतरावांनीही ते तसंच राहू दिलं.

ब्रेक, क्लच, कमानपाटे, डोळ्यांना दिसेल ते काम ते घेत. इंजिनाच्या आवाजाचं काम आलं की हत्यार नाही, सामान नाही, असं काहीतरी सांगून परत पाठवत. पांडुरंगरावांची जीप मात्र परत पाठवता येईना.

पांडुरंगराव नार्नूरकडचे. वांगी-टमाटे पिकवायचे आणि जीपमध्ये भरून उटनूरच्या बाजाराला आणायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या जीपचा जुना कार्बोरेटर गेला, तेव्हा चंपतरावांनी तिला ॲम्बेसडरचा बसवून दिला होता. दोन्हींची छिद्रं जुळत नव्हती, म्हणून मधे ॲल्युमिनियमची एक पट्टी हातानं घासून बसवली होती. त्या वेळी कान शाबूत होते. जीप अशी चालली की आदिलाबादचे मेस्त्रीसुद्धा बॉनेट उघडून बघायचे.

"स्लोवर उभीच राह्यत नाही आता," पांडुरंगराव म्हणाले. "एक्सलेटरवरचा पाय काढला की बंद."

चंपतरावांनी ते ओठांवरून वाचलं. सकाळची वेळ होती, इंजिन थंड होतं. त्यांनी स्लोचा, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन हळू फिरतं ठेवणारा, स्क्रू अर्धा आटा आत घेतला, मडगार्डवर तळहात ठेवला. थरथर एकसारखी वाटली.

"झालं," ते म्हणाले.

दोन दिवसांनी भर बाजारात, चढावर, जीप बंद पडली आणि मागं घसरली. मागं हिरव्या मिरच्यांचा ढीग घेऊन मथुराबाई नावाची म्हातारी बसली होती. कुणीतरी तिला हात धरून ओढलं म्हणून ती वाचली. मिरच्या चाकाखाली चेंदल्या.

पांडुरंगराव तावातावानं गॅरेजात आले आणि भराभर बोलत सुटले. मान इकडंतिकडं हलत होती, मिश्या ओठांवर आलेल्या. चंपतरावांना त्यातला एक शब्द लागेना. ते सवयीनं मान डोलवत राहिले. शेवटी पांडुरंगरावांनी त्यांचा दंड धरून त्यांना समोर वळवलं.

"म्हातारी मरत होती, मी सांगून राह्यलो! आयकून नाही राह्यले का तुमी?"

हे मात्र समजलं. चंपतरावांच्या हातातला पाना खाली आला.

"नाही," ते म्हणाले. "मले आयकू येत नाही."

पांडुरंगरावांनी दंड सोडला. ते काहीतरी पुटपुटले. मग लक्षात येऊन समोर आले आणि सावकाश म्हणाले, "कवापासून?"

"चार वर्सं झाले."

"मंग काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गाडी कोन देते मले?"

यावर पांडुरंगराव बाकावर बसले. "आदिलाबादले दोघा मेस्त्र्यायनं पाहिली," ते चंपतरावांकडं तोंड करून म्हणाले, "कोनालेच समजली नाही. जोड तुमचा आहे. तुमीच पाहा." जीप तिथंच ठेवून ते बसनं गेले.

दुसऱ्या दिवशी चंपतरावांनी प्लग काढले, पुसले, अंतर पाहिलं. पॉइंट घासले. कार्बोरेटर उघडून स्लोचा जेट तोंडानं फुंकला, हवा आरपार गेली. सगळं जिथल्या तिथं होतं. गाडी चालू केली. पहिली दहा मिनिटं ती उभी राहिली. मग पाण्याच्या तापाचा काटा वर चढला आणि ती बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. ती बंद पडलीय हेसुद्धा त्यांना पंख्याकडं पाहून कळत होतं.

पूर्वी अशा वेळी ते स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून लाकडी मूठ कानाला लावत. आताही त्यांनी स्लोचा स्क्रू आणखी आत घेऊन गाडी कशीबशी चालू ठेवली आणि मूठ कानाला लावली. काहीच नाही. बाजूला रस्ता भरून वाहत होता, शाळेची मधली सुट्टी झाली होती, आणि ते त्या मुठीला कान दाबून उभे होते. रेणुकाबाई असत्या तर त्यांनी नुसती बोटं हलवून ठोके दाखवले असते. डोळे भरून आले तेव्हा त्यांनी मूठ कानावरून ओढली. टोक इंजिनावरच राहिलं, मूठ गालावरून सरकून दातांवर आली.

ठोके दातांत उमटले. एक, दोन, तीन, मग एक अडखळलेला.

चंपतराव हलले नाहीत. त्यांनी मूठ दातांत घट्ट धरली, डावा हात लांब करून तेलाची कुपी उचलली आणि कार्बोरेटरच्या सांध्यांवर थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. वरच्या सांध्यावर फरक पडेना. पट्टीच्या खालच्या अंगाला तेल गेलं, आणि दातांतले ठोके एकाएकी सरळ झाले. तेल आत ओढलं गेलं, तसे ते पुन्हा अडखळले.

हवा तिथून शिरत होती. सहा वर्षांच्या तापानं पट्टी वाकली होती. थंड असेपर्यंत ती बसायची, तापली की उचलायची.

त्यांनी पट्टी काढून काचेवर ठेवली. एका कोपऱ्याखालून ब्लेड सहज गेलं. काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यांनी ती दुपारभर घासली, मधे फक्त सकाळची भाकरी खाल्ली. नवं पॅकिंग कापलं, बोल्ट आळीपाळीनं आवळले, स्लोचा स्क्रू पुन्हा होता तिथं आणला. गाडी चालू करून ते मूठ दातांत धरून उभे राहिले. पाऊण तास. जबडा दुखून आला. एकही ठोका चुकला नाही.

त्यांनी मागं वळून घराच्या दाराकडं पाहिलं. मग चावी बंद केली.

पांडुरंगराव सकाळी आले. जीप तापेपर्यंत थांबले, स्वतः तीनदा पाय काढून पाहिला. ती उभी राहिली. त्यांनी चंपतरावांच्या खांद्यावर हात ठेवला, गाडीत बसले, आणि निघता निघता रस्त्याकडं बघत काहीतरी म्हणाले. बरंच लांब वाक्य होतं. चंपतरावांनी सवयीनं मान डोलवली. जीप वळणापलीकडं गेली तेव्हा त्यांना त्या मान डोलवण्याची लाज वाटली. काय म्हणाले असतील, हे ते दिवसभर जुळवत बसले. जुळलं नाही.

त्या आठवड्यात एक नवं गिऱ्हाईक आलं आणि बॉनेटमध्ये डोकं घालून बोलू लागलं. चंपतरावांनी त्याला बाहेर बोलावलं, स्वतःच्या कानाकडं बोट केलं.

"मले आयकू येत नाही. समोर येऊन बोला."

माणूस गोंधळला, "नंतर येतो" म्हणाला आणि गेला. पुढं असे कितीतरी गेले. काही समोर येऊन बोलले. पांडुरंगराव बाजाराच्या दिवशी कधी कधी थांबत, पण घाईत असत, आणि बोलताना चंपतरावांकडं तोंड करायचं त्यांच्या लक्षात राहत नसे.