तळघरातल्या किटलीने ऐकलेली निवडणूक

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. किटली म्हटल्यावर टपरीवरची काळी, वाकड्या नळीची डोळ्यांसमोर आणू नका. मी उंच, गोल, पोटाशी तोटी असलेली, विजेवर चालणारी कॉफीची किटली आहे. माझ्यात एका वेळी अख्ख्या गावाची कॉफी होते. आता आमचं गाव एवढंसं उरलं आहे, त्यामुळे ही काही मोठी फुशारकी नाही. पण माझ्या उमेदीच्या काळात मी अर्धी भरून कधीच चालले नाही.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मला मिनेसोटातल्या हॅल्डोर गावच्या चर्चमधल्या बायकांनी आणलं. त्यासाठी त्यांनी एक अख्खा उन्हाळा घरी केलेले केक विकले. पहिल्या रविवारी प्रार्थना आटोपून सगळे तळघरात उतरले, माझी कॉफी प्याले आणि म्हणाले, "वाईट नाही." मी हिरमुसले. पुढे कळलं की याच्यापेक्षा मोठं कौतुक या गावात कुणी कुणाचं करत नाही.

मग मी कामाला लागले. बारशी, लग्नं, मयतीनंतरची जेवणं, शाळेतली नाताळची गाणी, सगळीकडे मी. शाळा रस्त्यापलीकडेच होती. तिथे कार्यक्रम असला की दोघं मला दोन्ही कानांना धरून उचलून न्यायचे. माझी देखभाल आर्डिसकडे होती. ती स्वयंपाकघराची सर्वेसर्वा, गोरीपान, ठेंगणी, कडक बाई. दुसऱ्या कुणी माझ्या झाकणाला हात लावलेला तिला खपत नसे. ती मला आतून घासायची, बाहेरून पुसायची आणि मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायची. माझे ते दिवस सुखाचे होते, मित्रांनो.

या मंडळींची एक रीत तुम्हाला सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला खोटं वाटेल. इथे कुणी कुणाला "नाही" म्हणत नाही. कॉफी करपली तर म्हणतात, "आज वेगळीच झाली आहे, नाही?" घर विकायला काढलेल्या माणसाला गिऱ्हाईक म्हणतं, "विचार करण्यासारखं आहे." तो बिचारा समजतो आणि दुसरं गिऱ्हाईक बघतो. कुणाचं मन मोडायचं नाही, कुणाला कमीपणा येऊ द्यायचा नाही, हा इथला धर्मच. मला त्याचा फार अभिमान होता.

सिग्ने ऑस्टबीला मी तिच्या बारशापासून ओळखते. तिची आई जोलीन आर्डिसच्या हाताखाली काम करायची आणि सिग्ने टेबलाखाली बसून साखर खायची. शाळा संपवून ती त्याच शाळेत बालवर्गात मदतनीस म्हणून लागली. तिच्या वर्गातली बाकी सगळी मुलं शहरात निघून गेली होती. विशीतलं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. एक दिवस ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आर्डिस, मी शाळा मंडळाची निवडणूक लढवते आहे."

"अगंबाई! तू?" आर्डिसच्या हातातलं फडकं थांबलं. "तिथे सगळे म्हातारे बसतात. डुलक्या काढतात."

"म्हणूनच."

मंडळात सात माणसं असतात. हॅल्डोरची शाळा बंद करून मुलांना लांबच्या ब्रॅन्सनला पाठवावं असं तिघांना वाटत होतं आणि चालू ठेवावी असं तिघांना. सातवे गृहस्थ गुडघ्यांसाठी ऊब शोधत ॲरिझोनाला राहायला गेले होते. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर जो बसेल तो शाळेचा निकाल लावणार होता.

"शाळा गेली की माझं काम गेलं," सिग्ने म्हणाली. "मग मलाही जावं लागेल. आईला तर मी एकटीच आहे. आणि जानेवारीत बर्फाचं वादळ आलं तर ती पाच-पाच वर्षांची पोरं ब्रॅन्सनच्या रस्त्यात अडकतील. इथे निदान आपण चालत जाऊन त्यांना आणू शकतो."

"तू तर निवडून येशीलच गं," आर्डिस म्हणाली. हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढे ते इतक्यांदा ऐकलं की मला त्याची धडकी भरायला लागली.

तिच्यासमोर उभे राहिले व्हर्लिन हेगेन. धान्याच्या कोठाराचं काम बघून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले गृहस्थ. त्याच वसंतात त्यांची बायको गेली होती. तिच्या मयतीच्या जेवणाची कॉफी माझीच. व्हर्लिन तेव्हा कप हातात धरून माझ्याशेजारी उभे होते आणि तो भरायचा असतो हेच विसरले होते. माणूस सरळ होता. वर्गावर्गात चार-पाच मुलं उरली आहेत, एवढ्याशा मुलांसाठी एवढी मोठी इमारत तापवत बसणं वेडेपणाचं आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि ते तसं बोलायचे.

ऑक्टोबरात आमच्या तळघरात माशाचं जेवण असतं. सुकवलेला मासा भिजवून, उकडून, लोण्यात बुडवून खातात. वास पायऱ्यांवरूनच अंगावर येतो. त्या दिवशी सिग्ने टेबलाटेबलापाशी जाऊन बोलली. तिचे कान लाल झाले होते, पण ती बोलली. सगळे म्हणाले, "छान बोललीस." "तुझ्यासारख्या तरुण पोरीच हव्यात." "आमचं मत काय, धरूनच चाल." व्हर्लिन टाय लावून आले होते. कोपऱ्यात एकटेच मासा खात बसले. त्यांना कुणी काहीच विचारलं नाही.

"आई, मला वाटतं होईल," भांडी पुसताना सिग्ने जोलीनला म्हणाली.

"होईलच," जोलीन म्हणाली. "मला व्हर्लिनचंच वाईट वाटतं. टाय सुद्धा वाकडा होता. बायको असती तर तिने नीट केला असता."

मतदानाचं केंद्र आमचंच तळघर. पडद्यांमागे लोक कागदावर खूण करायचे आणि मग माझ्याकडे यायचे, कारण बाहेर थंडी होती आणि कॉफी फुकट होती. केंद्रात कुणाला मत दिलं हे मोठ्याने बोलायला मनाई. त्यामुळे जो तो माझ्याजवळ येऊन कुजबुजत होता.

पहिला आला गाईवाला डेल. सोबत त्याची बायको. "मी व्हर्लिनला दिलं," तो म्हणाला. "सिग्नेचं तर ठरलेलंच आहे. पण म्हाताऱ्याला अगदीच दोन-चार मतं पडली तर कसं दिसेल?"

"मीही त्यालाच दिलं," ती म्हणाली. "बिचारा."

मला बरं वाटलं. किती मायाळू माणसं, म्हटलं. मग दुसरीच्या वर्गाच्या बाई आल्या, ज्यांची नोकरी त्या शाळेवर होती. त्यांनी मैत्रिणीच्या कानात तेच सांगितलं. मग टपालवाला. मग आर्डिसची बहीण. दुपारपर्यंत माझ्यातली कॉफी दोनदा संपली आणि जो येत होता तो तेच सांगत होता. मला दरदरून घाम फुटला. आर्डिसला वाटलं झाकण सैल झालं आहे, म्हणून तिने ते दाबून बसवलं. प्रत्येकाला वाटत होतं की हा चांगुलपणा आपल्यालाच सुचला. बाकीचं गाव शाळेची काळजी घेईल, आपल्या एका मताने काय होतंय?

सिग्ने आली. "आर्डिस, मी स्वतःलाच दिलं. वाईट दिसतं का गं?"

"छे! कुणाला कळतंय?" आर्डिस म्हणाली. ती स्वतः कुणाला देऊन आली होती ते तिने सांगितलं नाही.

व्हर्लिनही आले. "मीही मलाच दिलं," ते ओशाळून म्हणाले. "हरणार तर आहेच. पण मला पटतं ते मी केलं." त्या दिवशी तळघरात पटतं ते करणारी ही दोनच माणसं मला दिसली.

सगळ्यात शेवटी जोलीन आली. ती माझी शेवटची आशा होती, मित्रांनो. निदान आईचं मत तरी. तिने कप तोटीखाली धरला आणि आर्डिसला हळूच म्हणाली, "व्हर्लिनला देऊन आले. आईनेच लेकीला दिलं तर ते बढाई मारल्यासारखं होतं. आणि माझ्यावाचून काय अडलंय तिचं? सगळं गाव तिच्या पाठीशी आहे."

व्हर्लिन निवडून आले. थोडेथोडके नाही, भरभरून मतं पडली. दुसऱ्या दिवशी सिग्ने सगळ्यांचे आभार मानायला आली. हातात तिने भाजलेल्या वड्यांचं ताट होतं. तिचा चेहरा बघवत नव्हता. "मी काय चुकले ते कुणीतरी सांगा," ती म्हणाली. "सगळे हो म्हणाले होते."

"काही काही वेळा असं होतं," आर्डिस म्हणाली. जोलीन खिडकीपाशी जाऊन बर्फाकडे बघत राहिली. बाकीच्यांनी वड्या फार छान झाल्याचं सांगितलं.

तरीही सगळं संपलं नव्हतं. शाळेचा निकाल जानेवारीतल्या सभेत लागणार होता. एका रात्रीसाठी शाळेची मोठी इमारत तापवायला नको म्हणून सभा आमच्या तळघरात भरली. सगळं गाव आलं. कोट काढून मांडीवर घेऊन बसलं. हात वर करण्याआधी व्हर्लिन उभे राहिले.

"मंडळी, मला रात्र रात्र झोप नाही," ते म्हणाले. "मी म्हातारा माणूस, चुकत असेन. पण तुम्ही मला एवढी मतं दिलीत. मला वाटलंही नव्हतं. म्हणजे माझं म्हणणं तुम्हालाही पटतं, असाच अर्थ मी घेतो. तसं नसेल तर आत्ता सांगा. एकाने जरी सांगितलं, की व्हर्लिन, आम्ही तुला यासाठी मत दिलं नव्हतं, तर मी शाळेच्या बाजूने हात वर करीन. शब्द देतो."

सिग्ने ताडकन उठली. "मला पटत नाही, मिस्टर हेगेन."

"तुझं मला ठाऊक आहे, पोरी. तू लढलीस आणि मला तुझा आदर आहे. मी बाकीच्यांना विचारतोय."

मित्रांनो, इतकी सोपी गोष्ट होती! एका माणसाने एक वाक्य बोलायचं होतं. पण ते वाक्य असं होतं: आम्हाला तुमची कीव आली म्हणून मत दिलं. नुकती बायको गेलेल्या माणसाच्या तोंडावर, भर सभेत, हे बोलणार कोण? डेल बुटांकडे बघत होता. दुसरीच्या बाई कोटाचं बटण फिरवत होत्या. मी आतल्या आत उकळत होते आणि माझी सुरसुर तेवढी सगळ्यांना ऐकू येत होती.

सिग्नेने वळून आईकडे बघितलं. आईच्या मताचं लेकीला काही माहीत नव्हतं. तिला फक्त आधार हवा होता. जोलीन उभी राहिली. तिचे ओठ हलले. व्हर्लिन थोडे पुढे वाकले आणि म्हणाले, "बोल, जोलीन."

जोलीनने त्यांच्या वाकड्या टायकडे बघितलं.

"व्हर्लिन," ती म्हणाली, "तुम्हाला अजून थोडी कॉफी आणू का?"

"आण," ते म्हणाले आणि खाली बसले. मग चार हात वर गेले आणि शाळा बंद झाली.

पुढचं सांगायला माझा जीव होत नाही. आता पहाटेच्या अंधारात पिवळी बस येते आणि पेंगुळलेल्या पोरांना ब्रॅन्सनला घेऊन जाते. पोरांपाठोपाठ त्यांची घरंही एकेक करून तिकडे गेली. शाळेच्या इमारतीत कुणीतरी हिवाळ्यात होड्या ठेवतो. सिग्नेला मिनियापोलिसमध्ये पाळणाघरात काम मिळालं. निघताना ती आईला भेटायला तळघरात आली, तेव्हा जोलीन मला घासत होती. आर्डिसचे हात तोवर थकले होते.

"सिग्ने," जोलीन म्हणाली, "मला तुला एक सांगायचं होतं."

"काय गं?"

जोलीनने बराच वेळ माझी तोटी पुसली. "रस्त्यात हरणं आडवी येतात," ती म्हणाली. "बेताने चालव."

सिग्ने नाताळला येते आणि दोन दिवसांत परत जाते. आपण मत कुणाला दिलं ते जोलीनने तिला अजूनही सांगितलेलं नाही. रविवारी आता मोजकीच डोकी असतात. त्यांना एक छोटं यंत्र पुरतं. मी जिन्याखाली पडून असते. आतून क्षार चढले आहेत, एक कान निखळला आहे. कुणी गेलं तरच मला बाहेर काढतात, आणि गाव म्हातारं असल्यामुळे तेवढं काम मला पुरेसं आहे.

अशा वेळी जुन्या भांड्यांना जपा, घासूनपुसून ठेवा, असं मी तुम्हाला सांगावं अशी अपेक्षा असते. नका जपू मला. मी पत्र्याची आहे, माझं जे व्हायचं ते झालं. माणसांना जपा, मित्रांनो, पण गोड बोलणं म्हणजे जपणं असं मानू नका. मत द्यायचं असेल तर ज्याचं पटतं त्याला द्या. आणि एखाद्या एकट्या म्हाताऱ्याची कीव आली, तर गरम जेवण घेऊन त्याच्या घरी जा, त्याच्याजवळ बसा.

व्हर्लिनच्या घरी त्या हिवाळ्यात कुणीच गेलं नाही. प्रत्येकाने त्यांना मत दिलं होतं ना.